दोन कुलपांचं घर

गौहरला राग आला की तो आधी हातात उतरायचा, तोंडात नंतर. चाकणच्या बाजारात तिचा बाप करीम मापाडी होता, आणि परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ती कांद्याच्या ढिगापाशी बसून निवड करायची. वरून गुलाबी आणि टणक दिसणारा कांदा बोटांत धरला की तो आतून नासून बसलाय का, हे तिला न बघता कळायचं. असा कांदा ती बाजूला ठेवत नसे, फेकत असे. पार रस्त्यापलीकडे.

"अगं, हळू टाक, मानसांना लागंल," बाप ओरडायचा.

"लागू दे. नासका माल भरताना त्यांना लाज वाटली न्हाई."

लग्न होऊन ती पिंपरीला आली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत होते. रस्त्यावरून ट्रक जात आणि जाता जाता बिघडत. त्यामुळे तिच्या नवऱ्याच्या, रहिमानच्या, हाताला काम कमी नव्हतं. रहिमान शांत माणूस. इंजिनाशी जितका वेळ बोले तितका माणसांशी बोलत नसे. गॅरेजच्या मागेच त्यांची भाड्याची खोली होती. खोली बरी होती. पण तिच्या छताखालचा माळा मालकानं आपल्या सामानासाठी राखून ठेवला होता, आणि मालकाची माणसं वाटेल तेव्हा शिडी घेऊन आत यायची. दार वाजवायची पद्धत नव्हती. गौहर भाकरी थापत असायची, न्हाऊन केस पुसत असायची, तान्ह्या पोराला पाजत असायची. दार ढकललं जायचं, शिडी लागायची, आणि वरून धूळ खाली परातीत पडायची.

"जरा वाजवून या," ती पहिल्या वर्षी म्हणाली होती.

"माळा आमचाय," उत्तर आलं.

मग ती दार लावून घ्यायला लागली, तर मालकानं आतली कडीच काढून नेली. त्या दिवसापासून गौहरला घर हवं होतं. मोठं नको, पक्कं रंगवलेलं नको. आपण लावलेली कडी आपणच काढायची, एवढंच. अशी तेरा-चौदा वर्षं गेली. तिच्या बांगड्या त्या घराच्या नावानं आधीच बाजूला पडलेल्या होत्या आणि रहिमानही काही राखून होता. घर मात्र मिळत नव्हतं. कुठं जागा आवडे आणि रहिमानचं नाव ऐकल्यावर तीच जागा कालच गेलेली असे.

अठ्ठ्याहत्तर साली सोपानराव दलाल आपली स्कूटर दुरुस्तीला घेऊन आला आणि बाकड्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "रहिमानभाऊ, चिंचवडात स्टेशनाच्या मागं एक बैठं घर निघालंय. दोन खोल्या, स्वैपाकघर, मागं नळ. घरात खोट न्हाई. मालकांत हाय."

"म्हंजे?"

"नवरा-बायको हायेत. घर दोघांच्या नावावर, आन दोघं एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. गिऱ्हाइकं येत्यात आन पळत्यात. म्हनून नावगाव न विचारता द्यायला तयार झालेत."

पडद्याआडून गौहर म्हणाली, "आमी पळनार न्हाई. कदी दावता?"

दारावर दोन कुलपं होती. वरच्या कडीला चकचकीत पितळी, खालच्या कोयंड्याला काळं लोखंडी.

गल्लीत शेजारच्या सुभद्राबाईंनी त्या कुलपांची हकिगत न विचारता सांगितली. अनंतराव एका कंपनीत नकाशे काढायच्या खात्यात होते, अरुंधतीबाई शाळेत शिकवायच्या. दोघांनी आपापल्या पगारावर कर्ज काढून घर बांधलं, म्हणून कागदावर दोघांची नावं. मूलबाळ नव्हतं. भांडण कशावरून झालं ते गल्लीला ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येक घरात एक वेगळं कारण ठाऊक होतं. एका दुपारी बाई संत तुकाराम नगरला बहिणीकडे गेल्या त्या दाराला नवं कुलूप घालून. संध्याकाळी अनंतराव कामावरून आले, कुलूप बघितलं, ते तोडलं नाही की कुणाला विचारलं नाही. बाजारात जाऊन पितळी कुलूप आणलं, वरच्या कडीला लावलं आणि निगडीला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेले.

"तवापास्नं दोघांतलं कुनीबी आत शिरलेलं न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "पावसाळा गेला, थंडी गेली. दोघं शिकलेली, बघा."

सोपानरावानं दोघांकडून चाव्या मागून आणल्या होत्या. रहिमाननं भिंतीवर टिचक्या मारून बघितल्या, नळाचा आटा बघितला, वर चढून कौलं बघितली. गौहरनं आतून दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. कडी जड होती आणि नीट बसत होती. स्वयंपाकघरात भिंतीत एक फडताळ होतं, निळ्या रंगाची दोन छोटी दारं लावलेलं. मसाल्याचे डबे ठेवायला बरं, असं तिच्या मनात आलं. तिनं ते उघडलं नाही. दुसऱ्याच्या बंद दाराला हात लावायचा नसतो, हे त्या माळ्यावर चढणाऱ्यांनी तिला चांगलं शिकवून ठेवलं होतं.

त्या सभ्यपणाबद्दल तिनं पुढं स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या.

मग सुरू झाल्या फेऱ्या. सोपानराव दोन फेऱ्यांत दमला. गौहर दमली नाही. निगडीच्या बसनं ती अनंतरावांकडे जायची. ते खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "त्यांना सांगा, कागदावर माझं नाव आधी येईल." गौहर संत तुकाराम नगरला यायची. अरुंधतीबाई वह्या तपासत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, नाव आधी घ्या, सही मात्र मी आधी करणार नाही." दोघंही एकमेकांचं नाव घेत नसत. दोघंही तिच्याशी फार नम्रपणे बोलत. त्या नम्रपणानंच तिचं डोकं तापायचं. भांडण असं असतं का? चाकणला नवरा-बायको भांडली तर आख्खी पेठ ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी दोघं एका ताटात जेवायची.

"घर विकताय का मला पोष्टात लावलंय?" एकदा ती अनंतरावांना म्हणाली.

ते कसनुसं हसले. "तुम्हाला त्रास होतोय खरा. पण त्यांना एवढं सांगाच—"

सह्या झाल्या त्या दिवशी अनंतराव कचेरीत सकाळी येऊन गेले, अरुंधतीबाई जेवणाच्या सुट्टीनंतर आल्या. एक चावी पाकिटातून मिळाली, एक रुमालाच्या गाठीतून. गौहरनं दोन्ही मुठीत धरल्या आणि बसमध्ये सगळा रस्ता मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन ती आणि रहिमान घरात शिरले. सामान सगळं अगोदरच सोपानरावाच्या माणसांनी दोघांच्या याद्यांप्रमाणे दोन टेम्पोंत भरून दोन दिशांना नेलं होतं. खोल्या मोकळ्या होत्या, पावलांचा आवाज येत होता. गौहरनं पदर खोचला आणि आधी स्वयंपाकघर घ्यायचं म्हणून निळी दारं उघडली.

आत देव होते.

तांब्याच्या ताम्हनात चांदीचे छोटे टाक उभे होते, काळे पडलेले. त्यांच्यापुढे एक पितळी अन्नपूर्णा, एक रांगता बाळकृष्ण. शंख, घंटा. वाळून चुरा झालेली फुलं. समईत तेलाचा चिकट थर.

गौहरनं कुंचा खाली ठेवला. रहिमान मागून आला, बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"हात लावू नको," तो म्हणाला.

"मी कशाला लावू?"

"विसरले असतील."

"देव कुनी इसरतं?" ती म्हणाली. "खुर्च्या न्हाई इसरले. खिडकीचे पडदे न्हाई इसरले. चिमटा, सांडशी सुदिक नेली."

तिनं दारं लावली. चुना बादलीतच राहिला.

निगडीला जाताना अजून तिला वाटत होतं की चूक झाली असेल. अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. दाढीवरून हात फिरवत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"माझ्या लक्षात आहे ते," ते म्हणाले.

"मंग?"

"त्यांनी न्यावेत. घर त्यांनी सोडलं."

"तुमच्या घरान्याचे टाक हायेत ना साहेब?"

"आहेत. आईनं स्वतः बसवले होते. म्हणूनच म्हणतो. मी सही केली ती व्यवहाराची. देव उचलले म्हणजे माझा संसार संपला असं मी माझ्या तोंडानं म्हणण्यासारखं आहे. ते मी का म्हणू? मी गेलो का सोडून?"

शाळेत मधल्या सुट्टीत अरुंधतीबाईंनी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"आमच्या सासूबाईंचं म्हणणं होतं, घर उठवताना देव शेवटी हलवायचे. ज्यानं हलवले, त्यानं घर उठवलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी फक्त बहिणीकडे गेले होते हो. चार दिवसांसाठी. परत आले असते. दुसरं कुलूप त्यांनी लावलं. मग देवही त्यांनीच उचलायचे."

"आन तवर मी कुटं ऱ्हायचं, बाई?"

"तुम्ही राहा ना. आमची हरकत नाही. नाहीतर तुम्हीच उचलून सुभद्राबाईंकडे द्या."

"मी उचलू? आन उद्या कुनी म्हनलं, गौहरनं घर घेतलं आन पयले देव भाईर काडले, तर तुमी येनार का गल्लीत उबं ऱ्हाऊन सांगायला?"

अरुंधतीबाईंना ते समजलं. समजल्याचं त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण घंटा झाली आणि त्या वर्गात निघून गेल्या. गौहर त्या व्हरांड्यात उभी राहिली. आतून पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. त्या बाईला समजलं नसतं तर तिला इतका राग आला नसता.

सुभद्राबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्या दारात आल्या, आत गेल्या, निळी दारं उघडली आणि कपाळाला हात लावला. "अगं बया! इतके महिने अंधारात, उपाशी!" देव त्या उचलणार नव्हत्या. दुसऱ्याच्या घराण्याचे टाक, आपल्याकडे कसे नेणार? पण फूलपाणी तरी करते म्हणाल्या. "तू सकाळच्याला दार तेवढं उघड, पोरी."

गौहरनं उघडलं. पहिल्या दिवशी एकट्या सुभद्राबाई आल्या. त्यांनी टाक चिंचेनं घासले, वात लावली. दोन दिवसांनी त्यांची जाऊ आली. मग कोपऱ्यावरची कुणी, मग तिची सून. कुणाच्या तरी पोराचा ताप उतरला तो नेमका त्या देवांपुढे नारळ फोडल्यावर, असं झालं. मग पलीकडच्या गल्लीतूनही बायका यायला लागल्या. गौहर रोज पिंपरीहून चालत यायची, कुलपं काढायची आणि उंबऱ्याबाहेर चपलांपाशी उभी राहायची. तिच्या दारातून लोक आत जात होते. तिला कुणी वाईट बोलत नव्हतं. "बस की गं," म्हणायच्या, प्रसाद हातावर ठेवायच्या. कुणी दार मात्र वाजवत नव्हतं.

माळ्याची शिडीच होती ती. फक्त या वेळी घर तिचं होतं.

गुरुवारी रहिमानही बरोबर आला होता, तेव्हा मारुतराव आले. गल्लीतल्या गणपती मंडळाचे ते पुढारी, कंपनीत युनियनचं काम बघणारे, गोड बोलणारे. त्यांनी खोली डोळ्यांनी मापली.

"गौहरताई, एक सुचवतो. राग मानू नका. देव जागृत आहेत असं बायामाणसांचं म्हणणं पडतंय. इथं दोन फरशा घालू, वर एक घंटा बांधू. तुमचे पैसे काय बुडत नाहीत. वर्गणीतून हप्त्याहप्त्यानं फेडू. तुम्हालाही दुसरीकडं, आपल्या लोकांत, बरं पडेल."

"माजे लोक कोन, मारुतराव?" गौहर म्हणाली.

"तसं नव्हे हो..."

"मंग कसं?"

मारुतरावांनी रहिमानकडं बघितलं. रहिमान जमिनीकडं बघत होता.

घरी जाताना रहिमान म्हणाला, "मोठं व्हायच्या आधी सोडून देऊ. म्हणतात तर देतील पैसे. आपण दुसरं बघू."

गौहर रस्त्यात थांबली. बाजूनं कंपनीची बस गेली, धूळ उडाली.

"बोल की," रहिमान म्हणाला.

"कडी बगितली व्हती मी त्या दाराची," ती म्हणाली. "आतनं लावून बगितली व्हती. मारुतराव चांगला, सुभद्राबाई चांगली, ती मास्तरीन चांगली, तो साहेब तर पानी दिल्याबिगर बोलत न्हाई. सगळी चांगली मानसं मिळून माजं घर खातायत आन तू म्हंतोस सोड. न्हाई सोडनार. भांडान त्यांचं, घर मोडलं त्यांचं, आन मोडलं म्हनायची लाज वाटती म्हनून ते काम मला इकलं! असा सौदा म्या केलेला न्हाई."

गॅरेजशी आल्यावर रहिमाननं पिशवीतून घराची दोन्ही कुलपं काढून बाकड्यावर ठेवली. चाव्या अडकत म्हणून तेल द्यायला ती त्यानं आणली होती आणि दाराला तात्पुरतं गॅरेजचं कुलूप घातलं होतं. पितळी आणि काळं. "ही आता काढून टाकू का?" एवढंच त्याला विचारायचं होतं, तिच्यासाठी त्यानं एक नवं कुलूप आणून ठेवलं होतं आणि उद्यापासून तेच लावायचं होतं.

गौहर त्या कुलपांकडं बघत बसली. कांदा हातात धरल्यासारखं तिनं पितळी कुलूप हातात धरलं.

"थांब," ती म्हणाली. "नवं ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका फुलांच्या परड्या घेऊन आल्या तर दाराला वर पितळी आणि खाली काळं, अशी दोन्ही कुलपं लागलेली, आणि गौहर पायरीवर बसलेली.

"उघड की," सुभद्राबाई म्हणाल्या.

"चाव्या न्हाईत माज्याकडं."

"कुटं गेल्या?"

"जेच्या तेला दिल्या. वरची साहेबाला कंपनीच्या गेटावर नेऊन दिली. घेत नव्हता, डब्याच्या पिशवीत टाकली. खालची बाईच्या टेबलावर ठिवली, पोरांच्या देखत. त्यांचे देव हायेत. त्यांच्या चाव्या त्यांना. दोघं आली तर उघडंल, न्हाईतर न्हाई. मी बी भाईर आन तुमी बी भाईर."

"अगं पर देव उपाशी..."

"व्हय, उपाशी. कुनी ठिवलेत ते त्यांना इचारा. मला काय इचारता? माजं तर घर बी उपाशी हाय."

सुभद्राबाई परडी धरून उभ्या राहिल्या. एकदा कुलपांकडं बघितलं, एकदा गौहरकडं. इतके दिवस त्या घरात जाऊन आल्या, पण दार उघडं होतं म्हणून त्यांनी त्या दोघांचा विचारच केला नव्हता. आता बंद दारापुढं तो त्यांना करावा लागला. त्यांचं तोंड बघता बघता लाल झालं.

"तुज्याच दारात आमी फुलं घिऊन नाचतोय," त्या म्हणाल्या, "आन ती दोघं सुखानं जेवत्यात व्हय? चला गं."

चपला न बदलता त्या शाळेत गेल्या, मागं सात-आठ बायका. अरुंधतीबाईंच्या मुख्याध्यापकांना खोलीबाहेर येऊन हात जोडावे लागले. संध्याकाळी कंपनी सुटताना त्याच बायका कंपनीच्या गेटावर उभ्या होत्या. अनंतरावांना सायकलींच्या त्या गर्दीत, हजारभर माणसांदेखत, सुभद्राबाईंनी विचारलं, "कुलूपवाले साहेब, देवाला जेवायला घालनार हाय का न्हाई?" नंतर म्हणे खात्यातली माणसं त्यांना महिनाभर कुलूपवाले साहेबच म्हणत होती. मारुतराव फरशांचं पुन्हा बोलायला आले, तेव्हा सुभद्राबाईंनी त्यांनाही दारातूनच परतवून लावलं. "आधी धनी येऊ द्या. बिनधन्याच्या देवाला घंटा कुनी बांदती का?"

रविवारी सकाळी दोघं आली. अनंतराव निगडीकडून, अरुंधतीबाई पिंपरीकडून. गल्लीच्या दोन तोंडांनी दोघं एकाच वेळी शिरली आणि एकमेकांना बघून दोघंही क्षणभर थबकली. गल्ली दारादारांत उभी होती. गौहर पायरीवरून उठली नाही. त्यांना तिच्या अंगाला वळसा घालून दाराशी जावं लागलं.

अनंतरावांनी वरचं कुलूप काढलं. खालचं काढायला अरुंधतीबाईंना त्यांच्या गुडघ्यांपाशी वाकावं लागलं. चावी अडकली. ते मागं सरले नाहीत, त्यांनी मदतही केली नाही.

आत निळ्या दारांपुढं दोघं उभी राहिली. गौहर आणि सुभद्राबाई उंबऱ्यात. कुणी हात पुढं करेना. बाहेर रेल्वेच्या इंजिनाचा फाटका भोंगा वाजला आणि थांबला.

"ज्यांनी घर सोडलं, त्यांनी उचलावेत," अनंतराव भिंतीला म्हणाले.

"ज्यांनी कुलूप लावलं, त्यांनी," अरुंधतीबाई त्याच भिंतीला म्हणाल्या.

तेवढ्यात गौहरला दिसलं, की अनंतरावांच्या सदऱ्याच्या खिशातून तांबड्या कदाचं टोक बाहेर आलंय. देव गुंडाळायचं सोवळ्याचं फडकं. आणि अरुंधतीबाईंच्या पिशवीत मऊ धुवट धोतराची घडी होती, वर एक नारळ. दोघांनी घरून तयारी करून आणली होती. दोघंही देव न्यायलाच आली होती आणि दोघंही दुसऱ्यानं आधी हात लावायची वाट बघत होती.

मग जो राग इतके महिने बसमध्ये, व्हरांड्यात, उंबऱ्याबाहेर चपलांपाशी उभा होता, तो सगळा एकदम आत शिरला.

"दोघांनी बी फडकी आनलीत!" गौहर ओरडली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "साहेब, तुमी म्हंता मी मोडलं न्हाई. बाई, तुमी म्हंता मी मोडलं न्हाई. मग मोडलं कुनी? मी? मी तर पिंपरीला भाकरी थापत व्हते तवा! लाज वाटती व्हय मोडलं म्हनायची? मोडताना वाटली न्हाई ती? म्या हे घर इकत घेतलंय. भिंती घेतल्या, नळ घेतला, कौलं घेतली. तुमचं खोटं न्हाई घेतलं. ते तुमी उचला आन चालते व्हा!"

अनंतरावांची मान खाली गेली. अरुंधतीबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्याच्यावर गौहरच्याच रागासारखं काहीतरी चढत गेलं. त्या पुढं झाल्या आणि दोन्ही हातांनी ताम्हन उचललं. घंटा घरंगळली, वाजली.

"मी मोडलं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ऐकलंत सुभद्राबाई? मी गेले. चार दिवसांसाठी नव्हते गेले. परत यायचं नाही म्हणूनच गेले होते. आता सांगा सगळ्यांना. हो, मीच."

त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर एकेक टाक उचलून ठेवला. "हे तुमच्या आईचे. तुम्हाला हवेत म्हणून खिशात फडकं आणलंय ना? मग घ्या." अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यांनी धोतराच्या घडीत गुंडाळले, ते त्यांच्या माहेरचे होते. नारळ तिथंच राहिला. त्या गौहरजवळून जाताना थांबल्या. मग पदर सावरून निघाल्या. सुभद्राबाई त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेल्या, आणि दारादारांतली माणसंही हळूहळू आत गेली. बघण्यासारखं संपलं होतं.

अनंतराव टाक पुसत, मोजत, गुंडाळत राहिले. गौहरला ते बघवेना. ती बाजूच्या बोळातून मागं नळावर गेली आणि बादली नळाखाली लावून तोंडावर पाणी मारत राहिली. चुना आता भिजवायला हवा होता.

बादली घेऊन ती पुढं आली तर दार ओढलेलं, आणि वरच्या कडीला पितळी कुलूप. अनंतराव गेले होते. जाताना हाताच्या सवयीनं त्यांनी दार ओढलं होतं आणि कुलूप अडकवून चावी खिशात टाकली होती.

रहिमान त्याच वेळी हातगाडीवर पहिलं सामान घेऊन आला. त्यानं कुलूप बघितलं, गौहरकडं बघितलं. "बसस्टॉपवर सापडतील," तो म्हणाला, "पळत जातो."

"न्हाई," गौहर म्हणाली. "त्यांच्या मागं आता ह्या घरातनं कुनी जायचं न्हाई."

गाडीवर सगळ्यात वर पाटा-वरवंटा होता. तिनं वरवंटा उचलला. पहिला घाव कुलपावर बसला. ते चांगल्या कारागिराचं होतं, त्याला काही झालं नाही. दुसरा तिनं त्या कडीच्या कोयंड्यावर घातला. तिसऱ्याला लाकूड तडकलं. मग कोयंडा स्क्रूसकट निघून कुलपासह पायरीवर पडला, आणि तिनं ते उचलून बोळाच्या पार पलीकडे, रेल्वेच्या कुंपणापल्याड फेकलं.

सुभद्राबाई कोपऱ्यावरून परत येत होत्या. त्या तडकलेल्या दाराशी थांबल्या. आत पाऊल टाकायला निघाल्या, तोच कशानं तरी अडल्या, आणि बोटांनी उघड्या दारावर दोनदा टकटक केली.

"राग गेला का गं आता?" त्यांनी विचारलं.

गौहरनं चुन्याच्या बादलीत पाणी ओतलं. चुना फसफसून उकळायला लागला.

"न्हाई," ती म्हणाली. "पर आता तो माज्या घरात हाय. या, आत या."